उन्हात मासा चमकतो, चेहरा काळा येतो: धरणावरच्या फोटोंसाठी फिल फ्लॅश जमवताना

तक्रार एकच, फक्त धरण बदलतं. कधी पैठणचा नाथसागर, कधी माजलगाव, कधी येलदरीचा फुगवटा. गळाला चांगला जाडजूड कटला लागलेला असतो, धरणारा खुशीत असतो, मागं पाणी पसरलेलं असतं. फोटो उघडून बघावा तर मासा पांढराफटक, आभाळ बरं, आणि टोपीखालचा चेहरा ओळखू येत नाही. कुणीतरी जाणकार सांगतो, "फ्लॅश मारायचा ना." फ्लॅश मारला की मासा आणखी जळतो आणि चेहरा जिथल्या तिथं. मग लोक फ्लॅशला नावं ठेवतात आणि उन्हात फ्लॅशचं कामच नाही असं ठरवून मोकळे होतात.

खरं तर उन्हातच त्याचं काम जास्त. सावलीत बुडालेला चेहरा तेवढा फ्लॅशनं उजळायचा, यालाच फिल फ्लॅश म्हणतात. लग्नाच्या हॉलमध्ये आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवून वेळ मारून नेता येते, पण भर दुपारी डोळ्यांच्या खोबणीत बसलेली सावली आयएसओनं हलत नाही. त्यात आपल्याकडं एक वेगळीच भानगड आहे. काठ वाळूचा किंवा फिक्या मुरमाचा असेल तर जमिनीवरून थोडा उजेड उलटून हनुवटीखाली, टोपीखाली जातो. मराठवाड्यात धरणाचं पाणी ओसरलं की मागं उरते ती गाळपेरीची काळी माती. ती पडलेला उजेड गिळून टाकते, वर फारसं काही येऊ देत नाही. म्हणून त्याच उन्हात, त्याच टोपीखाली, काळ्या मातीवर उभ्या माणसाचा चेहरा वाळूवरच्या माणसापेक्षा जास्त काळवंडतो. जमिनीकडून जे मिळालं नाही तेवढंच फ्लॅशकडून घ्यायचं. त्याहून जास्त मागायला गेलं की फोटो पासपोर्टचा दिसतो.

आधी दुखणं कुठं आहे ते बघा

त्याच जागी, त्याच सेटिंगवर दोन फोटो काढा, एक फ्लॅश बंद ठेवून आणि एक चालू ठेवून. मासा पाण्यातच राहू द्या, माणूस रिकाम्या हातानं उभा करा. दोन्ही फोटोंत चेहऱ्यात काडीचाही फरक नसेल तर फ्लॅश उडतच नाही किंवा उडून पोचत नाही. फ्लॅशवाला फोटो सगळाच पांढरा पडला असेल तर दोष शटरचा आहे, फ्लॅशचा नाही. रिकाम्या हातानं चेहरा छान येतो आणि मासा धरला की बिघडतो, असं असेल तर मामला अंतराचा आणि चकाकीचा आहे. बहुतेक जण तिथंच अडकलेले असतात, पण तिथं पोचायच्या आधी शटरचं निस्तरायला हवं.

सगळाच फोटो जळतो

कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, आपण ठरवायचं, शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो), एफ/४ ला, कारण मागचं धूसर हवं असतं; एफचा आकडा लहान तेवढं तोंड मोठं. फ्लॅश बंद असताना आयएसओ १०० ला कॅमेरा शटर १/१६०० च्या आसपास नेतो आणि फोटो ठीक येतो. फ्लॅश चालू केला की तेच शटर १/२०० वर येऊन थांबतं. बहुतेक कॅमेऱ्यांची सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारं सगळ्यात वेगवान शटर, १/१६० ते १/२५० च्या दरम्यान असते. त्यापुढं शटरचे दोन पडदे एकामागोमाग धावतात आणि सेन्सर कोणत्याही एका क्षणी पूर्ण उघडा नसतो, म्हणून कॅमेरा वर जाऊ देत नाही. १/१६०० वरून १/२०० म्हणजे तीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे आठपट उजेड आत. कॅमेरा आकडा लुकलुकवून सांगत असतो, पण त्या उन्हात स्क्रीनवरचा आकडा दिसतो कुणाला!

यावर सरळ उपाय म्हणजे मॅन्युअल मोड. भर उन्हाचा जुना हिशेब आहे: आयएसओ १०० ला १/१०० आणि एफ/१६. तोच पलटवला की १/२०० आणि एफ/११. तिथून सुरुवात करा, फ्लॅश बंद ठेवून. हायलाइट अलर्ट (फोटोतला जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो ती सोय) चालू करा आणि पांढऱ्या टोपीकडं, धोतराकडं बघा. टोपी लुकलुकत असेल तर अ‍ॅपर्चर थोडं आवळा. या टप्प्याला चेहरा काळाच दिसणार, त्याच्याकडं बघायचंच नाही. टोपी, पाणी, आभाळ जमलं की मगच फ्लॅश चालू करायचा, आणि तो फक्त चेहऱ्यासाठी.

इथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की निम्मी कटकट संपते. सिंक स्पीडच्या आत शटर बदललं तर फक्त उन्हाचा उजेड बदलतो, फ्लॅशचा नाही, कारण फ्लॅश क्षणभरात उडून गेलेला असतो. अ‍ॅपर्चर बदललं तर दोन्ही बदलतात. फ्लॅशची पॉवर बदलली तर फक्त फ्लॅशचा उजेड बदलतो. म्हणजे पाणी आणि चेहरा ही दोन वेगळी एक्सपोजर आहेत आणि दोन्हींची बटणं वेगळी आहेत.

एफ/११ ला मागचं धूसर होत नाही ही पुढची तक्रार. माझं मत विचाराल तर होऊ नये. पैठणच्या भिंतीचे दरवाजे, ट्यूबवर बसून जाळं ओढणारा भोई, काठावरची बाभळ, हे फोटोत असलेलंच बरं. माणूस कुठं मासे धरतो ते दिसायला नको का? तरी धूसरच हवं असेल तर दोन रस्ते आहेत. एक हायस्पीड सिंक. त्यात फ्लॅश एकदाच न उडता अतिशय जलद हप्त्यांत जळत राहतो, त्यामुळं १/१६०० ला सुद्धा फोटोत काळी पट्टी येत नाही. पण त्यात पॉवर दोन स्टॉप किंवा त्याहूनही जास्त खाली येते, आणि शटर जितकं वर न्याल तितकी आणखी घटते. दुसरा रस्ता एनडी फिल्टरचा, म्हणजे लेन्सवर लावायच्या, उजेड कमी करणाऱ्या काळसर काचेचा. तीन स्टॉपचा फिल्टर लावून एफ/११ वरून एफ/४ वर आलं की शटर १/२०० च राहतं आणि फ्लॅशला जास्त पॉवरही लागत नाही. मी पोलरायझर लावतो. तो दीड ते दोन स्टॉप खातो, शिवाय पाण्यावरची झळाळी उतरवतो.

फोटोच्या एका बाजूला काळी पट्टी येत असेल तर ती याच सिंक स्पीडची करामत. फ्लॅश दुरून उडवणारा ट्रिगर स्वस्तातला, एका पिनचा असेल तर कॅमेऱ्याला फ्लॅश लावलाय हेच कळत नाही, मग तो तुम्हाला १/५०० ही घेऊ देतो आणि अर्धा फोटो फ्लॅशविना राहतो. १/२०० वर या, तरी पट्टी उरली तर १/१६०. पट्टी गेली की पुढं चला.

फ्लॅश उडतो, पण चेहऱ्याला काही होत नाही

आधी किरकोळ कारणं. ऑटो मोडवर कॅमेरा उजेड भरपूर बघून फ्लॅश उडवतच नाही, सक्तीच्या फ्लॅशवर टाकावं लागतं. मिररलेस कॅमेऱ्यात सायलेंट शटर चालू राहिलं असेल तर बहुतेक मॉडेलांत फ्लॅश गप्प बसतो. फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा धरला असेल आणि ट्रिगर जुन्या ऑप्टिकल पद्धतीचा असेल तर उन्हात त्याला इशारा दिसत नाही. घरात झकास चालतो, काठावर दगा देतो. रेडिओ ट्रिगरला हे दुखणं नाही. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश वापरत असाल तर लेन्सचं हूड काढा, नाहीतर त्याची गोल सावली फोटोच्या खालच्या भागात येते, नेमकी माशावर.

मग राहतो गाइड नंबर. हा आकडा फ्लॅशच्या माहितीपुस्तकात असतो. त्याला अ‍ॅपर्चरनं भागलं की आयएसओ १०० ला फुल पॉवरवर फ्लॅश किती मीटर पोचतो ते कळतं. अंगच्या फ्लॅशचा नंबर साधारण १२ धरा. एफ/११ ला तो जेमतेम १.१ मीटर पोचतो. म्हणजे तीन मीटरवरून काढलेल्या फोटोत त्याचा उजेड नावालाच. वरून लावायचा स्पीडलाइट घेतला आणि ३५ मिमी झूमला त्याचा नंबर ३६ असला, तर एफ/११ ला सव्वातीन मीटर. दोन मीटरवरून फिलसाठी मी १/८ पॉवरपासून सुरू करतो आणि चेहरा बघून वर-खाली करतो. पांढरा डिफ्यूजर चढवला तर १/४, कारण डिफ्यूजर स्टॉपभर तरी उजेड खातो. मोकळ्या रानात छत नाही, भिंत नाही, त्यामुळं फ्लॅशचं तोंड वर करून उजेड उलटवायचा प्रश्नच येत नाही. फ्लॅश वर वळवून धरणावर फोटो काढणारे मी पाहिलेत. तो उजेड थेट आभाळात जातो.

टीटीएलवर (फ्लॅशची पॉवर कॅमेराच मोजून ठरवतो ती पद्धत) काम करत असाल तर फ्लॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे त्या पॉवरमध्ये आपण करायची वाढ-घट, उणे एक ते उणे दोनच्या मध्ये कुठंतरी ठेवा. शून्यावर ठेवलेला चेहरा कात्रणातून कापून पाण्यापुढं चिकटवलेला दिसतो.

मासा धरला की सगळं बिघडतं

कटला किंवा रोहू हातात धरताना माणूस तो हमखास कॅमेऱ्याकडं पुढं करतो, मासा मोठा दिसावा म्हणून. हौस आहे, असू द्यावी. पण फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गानं घटतो. मासा फ्लॅशपासून एक मीटरवर आणि चेहरा दीड मीटरवर असेल तर माशावर चेहऱ्याच्या सव्वादोनपट उजेड पडतो, म्हणजे एका स्टॉपहून जास्त. चेहऱ्यासाठी पॉवर वाढवली की मासा आणखी जळतो, माशासाठी कमी केली की चेहरा बुडतो. यातून पॉवरच्या बटणानं वाट निघत नाही, पायांनी निघते. मागं सरका. मासा अडीच मीटरवर आणि चेहरा तीन मीटरवर आला की फरक दीडपटीच्याही आत, जेमतेम अर्धा स्टॉप. लेन्स झूम करा, फ्लॅशचा झूमही वाढवा म्हणजे उजेड पसरून वाया जाणार नाही, आणि वाढलेल्या अंतराच्या मानानं पॉवर चढवा. मासा किंचित लहान दिसेल, पण चेहरा सापडेल.

दुसरी गोष्ट चकाकीची. ओल्या माशाचे खवले म्हणजे बारीक बारीक आरसेच. कॅमेऱ्यावर बसलेला फ्लॅश समोरून पडतो, माशाची कूस सपाट समोर असते, आणि उजेड जसा गेला तसा लेन्समध्ये परत येतो. त्यातच टीटीएलची फसगत होते. फोटोच्या आधी जो बारीक झटका उडतो तो मोजून कॅमेरा पॉवर ठरवतो. माशावरून भरमसाठ उजेड परत आला की त्याला वाटतं पुरे झालं, आणि तो पॉवर कमी करतो. चेहरा काळा राहतो तो यामुळं. तेव्हा कॉम्पेन्सेशन आणखी उणे करू नका. एक तर मासा उचलायच्या आधी चेहऱ्यावर फ्लॅश लॉक करून घ्या, कॅननमध्ये एफईएल आणि निकॉनमध्ये एफव्ही लॉक. नाहीतर फ्लॅश सरळ मॅन्युअलवर टाका. मी मॅन्युअलच ठेवतो. माणूस, अंतर आणि ऊन तेच असेल तर प्रत्येक फोटोला नव्यानं अंदाज बांधायचं कारण काय?

चकाकी घालवायला एक छोटी युक्ती आहे.

"मामा, माशाची पाठ जरा माझ्याकडं झुकवा."

"अशी?"

"नाही, पोट तुमच्याकडं घ्या. हां, बस. आता हलवू नका."

पाठ कॅमेऱ्याकडं झुकली की माशाची कूस किंचित खाली बघते. फ्लॅशचा उजेड तिच्यावरून खाली मातीकडं जातो, लेन्समध्ये येत नाही. शिवाय खवल्यांत आता आभाळाऐवजी काळी माती उतरते, त्यामुळं रोहूची तांबूस झाक, खवल्यांच्या कडा, परांचा रंग सगळं दिसायला लागतं. इतका वेळ जिनं छळलं तीच काळी माती इथं कामाला येते. मरळ असेल तर तिचं अंग मुळातच गडद, तिथं पूर्ण मासा जळत नाही, पण बुळबुळीत पाठीवर एक पांढरा पट्टा उमटतो. उपाय तोच, झुकवण्याचा. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून कुणाच्या तरी हातात, बाजूला आणि डोक्याच्या वर धरायला दिला तर आणखी बरं. काठावर बघ्या पोरांची कमी कधीच नसते.

तिसरी आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे सूर्य मासा धरणाऱ्याच्या पाठीमागं घेणं. लोक सवयीनं माणसाला उन्हाकडं तोंड करून उभं करतात. मग टोपीची सावली नाकावर कापल्यासारखी पडते, डोळे बारीक होतात, आणि टोपीच्या सावलीबाहेर पुढं आलेला मासा ऊन आणि फ्लॅश दोन्ही खातो. सूर्य पाठीशी असला की चेहरा आणि मासा दोन्ही सावलीत, दोघांना फ्लॅश सारखाच, आणि खांद्यावर, टोपीच्या कडेला उन्हाची चंदेरी रेघ फुकट मिळते. मे महिन्यात बाराला सूर्य डोक्यावरच असतो, तेव्हा पाठीमागं घेण्यासारखं काही उरत नाही. बाभळीच्या सावलीत या किंवा चार वाजेपर्यंत थांबा.

आणि हे सगळं मासा पाण्यात असतानाच करायचं. जागा, अंतर, पॉवर ठरली, रिकाम्या हाताचा फोटो पास झाला, की मग मासा उचलायला सांगायचं, हात ओले करून. मासा परत सोडायचा असेल तर फोटोग्राफरच्या चाचण्यांपायी त्याला उन्हात लटकत ठेवणं बरोबर नाही.

पहिला फोटो छान, दुसरा काळा

फ्लॅश भरलेला नसतो. फुल पॉवरवर पुन्हा भरायला काही सेकंद लागतात आणि पेन्सिल सेल उतरत आले की जास्तच. साध्या अल्कलाइनऐवजी चार्जिंगचे निकेल मेटल हायड्राइड सेल घाला, फरक लगेच जाणवतो. पॉवर १/४ च्या आत राहील अशी जुळणी केली तर भरायला वेळ जवळपास लागतच नाही. त्यासाठी मासा आणि चेहऱ्यातला फरक सांभाळून फ्लॅश जमेल तेवढा जवळ आणा. काही फ्लॅश तापले की स्वतःच वेग कमी करतात किंवा बंद पडतात. तो बिघाड नसून संरक्षण असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काळ्या रंगाचा फ्लॅश मोटरसायकलच्या डिकीत दुपारभर ठेवला तर तो काम सुरू व्हायच्या आधीच तापलेला असतो. गमछात गुंडाळून सावलीत ठेवा. हायस्पीड सिंकमध्ये तापण्याचा त्रास लवकर होतो.

गॉगलमध्ये फ्लॅशचा ठिपका येतो तेव्हा हनुवटी बोटभर खाली घ्यायला सांगावी, नाहीतर गॉगल काढावा. कपाळावरचा घाम फ्लॅशमध्ये तेलासारखा चमकतो, फोटोआधी रुमाल फिरवायला सांगायला लाजू नका.

संध्याकाळी चेहरा निळसर येतो

पैठणच्या बाजूनं जलाशयाकडं बघत उभं राहिलं की सूर्य पाण्यावर मावळतो, आणि गळ टाकून बसलेल्यांचे सगळ्यात देखणे फोटो त्याच तासाभरात मिळतात. पण मावळतीच्या उन्हाचं रंगतापमान ३००० ते ३५०० केल्विनच्या घरात आणि फ्लॅशचं ५५०० च्या पुढं; आकडा कमी तेवढा उजेड केशरी, जास्त तेवढा निळसर. सगळं केशरी आणि मध्ये एक निळसर पांढरा माणूस, असा तो प्रकार होतो. फ्लॅशच्या तोंडावर केशरी जेल लावा. सीटीओ नावानं मिळतं, आधी अर्ध्या ताकदीचं घ्या. मंडपवाल्याकडचा केशरी जिलेटिन पेपर अडीअडचणीला चालतो, पण फ्लॅशच्या काचेला थेट चिकटवू नका, उष्णतेनं वितळतो.

या वेळी पद्धत तीच, आकडे वेगळे. फ्लॅश बंद ठेवून आभाळ मोजा, त्यापेक्षा अर्धा-पाऊण स्टॉप गडद ठेवा, मग चेहऱ्यापुरता फ्लॅश द्या. उजेड आणखी उतरला आणि शटर १/३० च्या खाली गेलं की माणसाला स्थिर उभं राहायला सांगा, नाहीतर फ्लॅशमधला चेहरा धारदार आणि त्याच्याभोवती हललेली एक पुसट सावली असं काहीतरी येतं. नाथसागराचा परिसर पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. थवा जवळ उतरलेला असेल तर त्या दिशेनं फ्लॅश उडवू नये.

फोनवर काढणाऱ्यांसाठी

फोनचा फ्लॅश म्हणजे बारीक एलईडी. भर उन्हात तो हातभर अंतरापलीकडं काहीही करत नाही, त्याच्या नादी लागू नका. मासे जिथं उतरवतात तिथं बर्फाचे थर्माकोलचे खोके पडलेले असतात. त्यातल्या एकाचं झाकण मागून घ्या. सूर्य माणसाच्या पाठीशी ठेवा आणि झाकणाची पांढरी बाजू छातीच्या उंचीवर, चौकटीच्या जरा बाहेर, चेहऱ्याकडं तिरकी धरायला कुणाला तरी सांगा. झाकण मीटरभर अंतरावर आलं की टोपीखालचे डोळे उघडतात, आणि थर्माकोल चकचकीत नसल्यानं माशावर ठिपका पडत नाही. फोनवर चेहऱ्याला बोट लावून एक्सपोजर लॉक करा आणि टोपी जळणार नाही इतकं खाली ओढा. चंदेरी कागद लावलेला रिफ्लेक्टर मात्र दुपारी टाळा, त्यात माणसाला डोळे उघडे ठेवता येत नाहीत. झाकण घट्ट धरायला सांगा, धरणावरचा वारा ते सरळ पाण्यात नेतो आणि मासळीवाला मामा ते परत मागतो.